पडेगावच्या कोंडवाड्यातली राखण

पडेगावच्या कोंडवाड्यात गेली तीस वर्षं एकही जनावर कोंडलेलं नाही, तरी गावात त्याला दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नाही. दौलताबाद रस्त्यावरून आत वळलं की पिठाच्या गिरणीमागं दगडी भिंतीचं चौकोनी आवार लागतं. पूर्वी लोकांच्या पिकात घुसलेली गुरं तिथं आणून कोंडत आणि धनी येऊन सोडवून नेत. आता तिथं दोन पत्र्याच्या खोल्या आहेत, एक लिंब आहे आणि दारावर ‘पडेगाव परिसर इतिहास संग्रह’ असा फलक आहे. गाव कधीच शहराच्या पोटात गेलं, पण फलक वाचून आत येणारी शहरातली माणसं थोडीच. गावातली माणसं फलक न वाचता येतात, कारण त्यांना तिथून काहीतरी न्यायचं असतं.

कोंडवाड्याची किल्ली मालनबाई खरात यांच्या कमरेला असते. वय एकसष्ट, अंगानं काटक, आवाज असा की गिरणी चालू असली तरी रस्त्यापलीकडं ऐकू जावा. माहेर कन्नड तालुक्यातलं. शाळा दुसरीपर्यंत. सोळाव्या वर्षी कडुबांशी लग्न होऊन त्या इथं आल्या. कडुबा गवंडीकाम करायचे आणि मालनबाई त्यांच्या हाताखाली पाट्या वाहायच्या. आता कडुबांचे गुडघे धरले आहेत, म्हणून ते दिवसभर लिंबाखाली बसून बायकोला सल्ले देतात. मालनबाई त्यातला एकही घेत नाहीत.

हा संग्रह उभा केला नानासाहेब गुरुजींनी. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, त्या वर्षी त्यांनी घराघरातून जुन्या वस्तू गोळा केल्या. गॅस आल्यावर माळ्यावर गेलेलं, गिरणी आल्यावर परसात पडलेलं, भंगारवाल्याची वाट बघत असलेलं सगळं त्यांनी बैलगाडीत घालून कोंडवाड्यात आणलं. झाडलोटीला मालनबाईंना बोलावलं. पण लोक वस्तू द्यायला कचरत. “द्यायला काय नाय गुरुजी, पण पोरीच्या लग्नात जातं लागतं. तवा कुठून आणू?” गुरुजींना हे पटलं. त्यांनी आतल्या भिंतीवर गेरूनं दोन ओळी लिहिल्या:

वस्तू ज्याची त्याची, राखण आपली.
नेताना सांगा, आणताना धुऊन आणा.

त्या दोन ओळींवर हा संग्रह आजवर चालला आहे. नोंदवहीत पाच रकाने आहेत. वस्तू कोणती, कोणाची, कशासाठी वापरत, कधी नेली आणि कधी आणली, आणि शेवटी सही किंवा अंगठा. सागवानी पाळणा वर्षातून आठ-दहा वेळा बाहेर जातो. बारसं असो की छठी, पलीकडच्या चार गल्ल्यांतलं प्रत्येक पोर त्यात निजून गेलेलं आहे. हळदीचं जातं लगीनसराईत घरी टिकत नाही. मोहियोद्दीनच्या आजोबांची तांब्याची डेग तर इतकी फिरते, की मालनबाई दर दोन वर्षांनी खुलताबादच्या कल्हईवाल्याला बोलावून तिला आतून कल्हई लावून घेतात.

एकच वस्तू कुणी कधी नेली नाही. ते म्हणजे लांब दांड्याचं लोखंडी ओगराळं.

ते पाटलांच्या घरातलं. बैलगाडीतून उतरवताना गुरुजींनी नोंदवहीत लिहिलं होतं, “मोठ्या स्वयंपाकाची पळी.” तेव्हा मालनबाईंच्या सासूबाई हयात होत्या. त्या सुनेची भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ओगराळ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

“गुरुजी, इतक्या लांबून कोण स्वयंपाक करतं? हे आमच्यासाठीचं हाय.”

गुरुजींना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. विहिरीच्या काठावर उभं राहून वरून पाणी ओतायचं, खाली ओंजळ धरून उभ्या असलेल्या माणसाला भांड्याचा आणि भांड्याला माणसाचा स्पर्श नको, म्हणून दांडा लांब. गुरुजींनी आपली ओळ खोडली आणि पेन मालनबाईंच्या हातात दिला. “तू लिही. माझ्याकडून चुकीचंच जाणार.” दुसरीत सुटलेली अक्षरं मालनबाई तेव्हा नुकत्या पुन्हा जुळवायला लागल्या होत्या. एक ओळ लिहायला त्यांना अर्धा तास लागला. नोंदवहीतली ती त्यांची पहिली ओळ. तीच पुढं त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून ओगराळ्याखाली टांगली: “ह्यानं वरून पाणी ओतायचे. खाली आमची माणसं ओंजळ धरून उभी राहायची.”

गुरुजी वारले त्याला पंधरा वर्षं झाली. कोण चालवणार, असं कुणी विचारलं नाही. किल्ली मालनबाईंकडंच होती.

गेल्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दारात एक पांढरी गाडी उभी राहिली. गाडीतून तिशीतला, गळ्यात ओळखपत्र घातलेला तरुण उतरला. अभय कुलथे, वारसा दालन समितीचा संकलन अधिकारी. शहरात समितीचं नवं दालन होत होतं. काचेची कपाटं, थंड हवा, वरून सोडलेले दिवे. त्यात ठेवायला आजूबाजूच्या छोट्या संग्रहांतल्या वस्तू गोळा करायच्या आणि ते संग्रह बंद करायचे, असं ठरलं होतं. मुलगा वाईट नव्हता. चपला बाहेर काढून आत आला, प्रत्येक वस्तूपाशी थांबला. डेगेपाशी मात्र त्यानं कपाळाला हात लावला.

“मावशी, हिला आतून काय केलंय?”

“कल्हई.”

“शंभर वर्षांची डेग आहे ही! जुन्या वस्तूला असं काही करत नाहीत.”

“मग काय करत्यात?”

“आहे तशी ठेवतात.”

“आन् तांब्यानं जेवण कळकलं तर पाचशे पाव्हण्यांना तुम्ही घेऊन जाणार का दवाखान्यात?”

“पण संग्रहालयातल्या वस्तूत जेवण करतच नाहीत ना!”

“इथं करत्यात,” मालनबाई म्हणाल्या. “तुमच्या तिथं नसतील करत. तिथल्या वस्तूंना बिचाऱ्यांना काम नसंल.”

लिंबाखालून कडुबा खोकल्यासारखं हसले. अभयनं पिशवीतून कागद काढला. सगळ्या वस्तू समितीकडं सोपवत असल्याचं लिहिलेलं होतं, खाली मालनबाईंच्या सहीची जागा होती. त्या सहीनं कोंडवाडा रिकामा होणार होता आणि दाराला समितीचं कुलूप लागणार होतं.

मालनबाईंनी कागद पूर्ण वाचला. वाचायला वेळ लागला, तो त्यांनी लावला. मग कागद परत दिला.

“माझी सही हितं चालत नाय, साहेब.”

“चालते. तुम्हीच इथल्या राखणदार.”

“राखणदार हाय, म्हणूनच चालत नाय. राखणदारानं शेत विकल्यालं कधी ऐकलंय का?” त्यांनी भिंतीकडं बोट केलं. “वाचा. वस्तू ज्याची त्याची. ज्याची हाय त्याला विचारा. तो व्हय म्हणला तर न्या.”

अभयनं भिंत वाचली, नोंदवही चाळली, रकान्यांचे फोटो काढले. जाताना म्हणाला, “मावशी, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. तसंच करतो.”

तो गेल्यावर कडुबा म्हणाले, “अगं, तू त्याला नाय म्हणलीस, का रस्ता दावलास?”

मालनबाई आत गेल्या. ओगराळ्यावरची धूळ पुसायला लागल्या. ती आदल्या दिवशीच पुसली होती.

नवऱ्याचं म्हणणं खरं ठरलं. सोमवारी अभय आणि त्याच्या दोन सहकारी मुली संमतीचे फॉर्म घेऊन गावात उतरले. शुक्रवारपर्यंत घर ना घर झालं. फॉर्मबरोबर एक रंगीत पत्रक होतं. त्यात काचेच्या कपाटाचं चित्र, कपाटाखाली पितळी पट्टी, पट्टीवर देणाऱ्याचं नाव. आजोबांचं नाव पितळेवर कोरलेलं बघून कुणाचं मन पाघळणार नाही? शिवाय प्रमाणपत्र, शिवाय उद्घाटनाचं निमंत्रण. एकशे अठरा वस्तूंपैकी शहाऐंशी वस्तूंच्या धन्यांनी सह्या केल्या. सरितानं आपल्या हळदीच्या जात्याची केली. मोहियोद्दीननं डेगेची केली, आणि शेजारी त्याच्या बायकोनं, आबेदानं, साक्षीदार म्हणून केली. आबेदा आणि मालनबाई एका नळावर पाणी भरत म्हाताऱ्या झालेल्या मैत्रिणी. आबेदानंही सही केली हे ऐकून मालनबाईंना ती रात्रीची भाकर गोड लागली नाही.

सही करताना कुणाच्या मनात खोट नव्हती. चूक झाली ती वेगळीच, आणि ती पडेगावच्याच माणसांकडून होण्यासारखी होती. डेग, जातं, पाळणा ह्या वस्तू त्यांच्या रोजच्या येण्याजाण्यातल्या. त्या आपल्याच आहेत, लागल्या की कोंडवाड्यातून आणायच्या, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की ‘दिली’ म्हणजे आता मिळायची नाही, हे डोक्यात शिरलंच नाही. देवळाला घंटा द्यावी आणि रोज जाऊन वाजवावी, तसं काहीतरी त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी अभयनं सह्यांची यादी आणून दिली. “मावशी, तुम्ही सांगितलं तसंच केलं बघा. फॉर्मवर सातवा मुद्दा आहे. कुणाची लेखी हरकत सत्तावीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत आली नाही, तर संमती कायम. मग आम्ही टेम्पो आणू. राहिलेल्या वस्तूंचं नंतर बघू, पण एवढ्यासाठी स्वतंत्र जागा काही चालू ठेवता येणार नाही.”

“आन् कुणी हरकत घेतली तर?”

“तर ती वस्तू त्यांची. अर्ध्याहून जास्त राहिल्या तर समितीला जागाही ठेवावी लागेल. पण कोण घेईल हरकत?” तो सहज म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

मालनबाईंनी लाल पेन घेतला. शहाऐंशी वस्तूंपुढं, एकेक करून, लिहिलं: “धन्याच्या संमतीनं समितीला दिली.” दुपार त्यात गेली. कडुबा म्हणाले, “घरोघर जा, हात जोड, सांग लोकांना. अजून पंधरा दिस हायेत.”

“मी कशाला हात जोडू? त्यांच्या वस्तू, त्यांची सही.”

“मग बस लाल रेघा मारत. आख्खं गाव एकीकडं आन् तू कोंडवाड्यात. चुकलेलं जनावरच कोंडवाड्यात असतं, आठव.”

“चुकलेलं कोण, ते धनी सोडवाय आला की कळतंय,” मालनबाई म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं.

पहिली आली सरिता. गुरुवारचा दिवस होता. तिच्या मुलीची, अमृताची, हळद शनिवारी होती. जात्याला बांधायला हळकुंड आणि आंब्याची डहाळी घेऊनच आली होती. बरोबर उचलायला दोघं भाचे.

“मालनमावशी, जातं न्यायला आले. लिहा वहीत.”

“नाय देता येत, सरिता.”

“म्हंजी? कुणी नेलंय का?”

“कुणी नाय नेलं. हे काय, इथंच हाय.” मालनबाईंनी पायानं जात्याकडं दाखवलं. ते हातभर अंतरावर होतं, खुंटा तेलानं चकचकीत.

“मग?”

“तू समितीला दिलंस. बारा तारखेला. ही तुझी सही, ही माझी लाल ओळ. समितीचा टेम्पो येईस्तोवर मी फक्त राखण करतीय.”

सरिता हसली. तिला थट्टा वाटली. मग मालनबाईंचा चेहरा बघून हसू मावळलं. “अवो, पण परवा हळद हाय! पाच सवाशिणींना सांगितलंय. मिक्सरमधे फिरवू का हळद?”

“फिरव. नायतर शहरात जा दालनात, त्यांना म्हणावं काच उघडा, पाचजणी दळून घेतो.”

“मावशी, तुम्ही मुद्दाम करताय.”

“व्हय, मुद्दामच करतीय. तीस वर्षं मुद्दाम देत होते, तवा कुणी इचारलं नाय का देती म्हणून. आता नाय देत तर इचारतीस?”

भाच्यांपैकी एकानं वाकून जात्याला हात घातला. मालनबाई जागच्या हलल्या नाहीत, आवाज मात्र गिरणीवर गेला. “हात काढ! बिनसहीची वस्तू आजवर ह्या दारातून गेली नाय, आन् जाणार नाय!” पोरानं विंचू चावल्यासारखा हात काढला. गिरणीवाला दार उघडून बघायला लागला. सरिता रडवेली होऊन डहाळी तिथंच टाकून गेली.

कडुबा लिंबाखालून म्हणाले, “लेकराच्या हळदीला नाट लावलास.”

“नाट मी नाय लावला,” मालनबाई म्हणाल्या. पण डहाळी उचलून त्यांनी माठातल्या पाण्यात ठेवली, सुकू नये म्हणून.

संध्याकाळी आबेदा आल्या. त्यांच्या आमरीनचं लग्न फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होतं. सरितेची हकीकत गिरणीवरून त्यांच्यापर्यंत पोचली होती, तरी मैत्रीच्या भरवशावर आल्या.

“मालन, डेग देती ना? बावर्चीकू बोलके रख्खी मैं.”

“डेग तुझी ऱ्हायली नाय, आबेदा.”

“मेरेकू बी ना बोलती तू?”

“तुला तर आधी नाय. मोहियोद्दीनभाईंनी सही केली तवा तू शेजारी बसून साक्षीदार झालीस. माझ्याशी एका शब्दानं बोलली नाहीस.”

आबेदा खाली बसल्या. “मुझे लगा, नाम होगा दादाजान का. पितल की पट्टी. लोकं बघतील.” मग त्या मराठीतच बोलायला लागल्या, राग आला की त्या मराठीत येत. “बाजारात भाड्यानं डेगा मिळतात, मालन. दहा मिळतात. पण ह्यांच्या आजोबांनी ही डोक्यावर घेऊन आणली होती. ही चढली नाही तर आमच्यात लग्न लागल्यासारखं वाटत नाही, तुला माहिती आहे. माझ्या लग्नात हीच होती.”

“मला माहिती हाय. तुला माहिती होतं का सही करताना?”

आबेदांनी डेगेच्या काठावरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, “वो सातवा मुद्दा क्या है, सब बोल रहे?”

मालनबाईंनी फॉर्मची एक प्रत पुढं ठेवली आणि सातव्या मुद्द्यावर बोट ठेवलं. सांगितलं काहीच नाही. आबेदा उर्दू शाळेत शिकलेल्या, तरी मराठी चांगलं वाचत. दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, “कागद है तेरे पास? कोरा?”

“हाय.”

“और तू जे काय मुंह फुगवून बसलीस ना, ते नंतर बघते तुझ्याकडं.”

“बघ की. मी कुठं पळतीय?”

पहिली हरकत त्या संध्याकाळी लिहिली गेली. दुसरी सरितानं लिहिली, शुक्रवारी सकाळी. हातात कागद घेऊन ती थेट समितीच्या कार्यालयात गेली, तिथला शिक्का मारलेली पोच घेऊन परत आली आणि ती नोंदवहीवर आपटली. मालनबाईंनी पोच वाचली, लाल ओळ आडवी खोडली, खाली तारीख टाकली आणि भाच्यांना म्हणाल्या, “उचला रं. खुंट्याला धरू नका, खालून धरा.” मग माठातली डहाळी काढून सरितेच्या हातात दिली. अमृताची हळद वेळेवर दळली गेली. जातं सोमवारी धुऊन परत आलं. वर हळदीचा पिवळा वास दोन दिवस खोलीत राहिला.

त्यानंतर मात्र रांग लागली. लग्न असलेली घरं आधी आली, मग बाळंतपण जवळ आलेली, मग नुसतीच घाबरलेली. कुणी मालनबाईंवर ओरडून जाई, कुणी चहा घेऊन येई. एका म्हाताऱ्यानं तर नुसत्या काठीसाठी हरकत लिहिली. ती तो कधीच नेत नव्हता. मालनबाईंनी विचारलं तर म्हणाला, “नेत नाय, पण हाय म्हणून नेत नाय.” सव्वीस जानेवारीला कार्यालय बंद होतं, म्हणून सत्तावीसला सकाळपासून पडेगावची माणसं तिथं बसून होती. संध्याकाळी पाचला अभयनं हरकतींची पेटी उघडली तेव्हा तिच्यात आणि आधी आलेल्यात मिळून सदुसष्ट हरकती होत्या. एकोणीस वस्तू उरल्या.

एकोणिसातली एक वस्तू ओगराळं होतं.

मालनबाईंनी ह्या सगळ्या दिवसांत पाटलांच्या घराकडं जाऊन विचारलं नव्हतं. जायचं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. एकदा त्या वेशीपर्यंत गेल्याही होत्या. पण तिथं जाऊन काय म्हणायचं? तुमचं ओगराळं आम्हाला हवं, असं खाली उभं राहून मागायचं? त्या परत फिरल्या.

टेम्पो पाच फेब्रुवारीला आला. अभय बरोबर होता, आणि त्याच्या मागं मोटारसायकलवर विश्वजीत पाटील. तो ज्यांच्या घरातून ओगराळं आलं त्यांचा पणतू, शहरात मोटारींचं दुकान चालवणारा. सही त्याची होती. अठरा वस्तू टेम्पोत चढल्या. प्रत्येकीची नोंद मालनबाईंनी स्वतः केली, प्रत्येकीपुढं अभयची सही घेतली. एकोणिसावी भिंतीवर होती.

विश्वजीत जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, “मावशी, राग धरू नका. ते इथं कशाला ठेवायचं? शाळेची पोरं येतात, वाचतात, मग माझ्या पोराला वर्गात विचारतात. झालं गेलं ते.”

“झालं म्हणून तर ठेवलंय. गेलं असतं तर तू कशाला आला असतास?”

विश्वजीतनं मान फिरवली. “आम्ही काही केलं नाही, मावशी.”

“तू नाय केलंस. म्हणून तुझ्यावर कायबी लिहिलं नाय. वाच पाटी. पाटलाचं नाव हाय का तिच्यात? नाय. आमचं हाय.”

अभय मध्ये पडला. “मावशी, मुदत गेली तरी तुम्ही अडवू शकता. मी लिहून घेतो की राखणदारानं हरकत घेतली.”

लिंबाखालून कडुबा कधी नव्हे ते उठून दारात आले होते. त्यांचीही नजर बायकोवर होती. भिंतीवरच्या गेरूच्या दोन ओळी समोरच होत्या. मालनबाईंनी त्या वाचल्या, जणू पहिल्यांदाच वाचत होत्या. मग त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि ओगराळं खिळ्यावरून काढलं. पदरानं दांडा पुसला, वाटी पुसली.

“वस्तू ज्याची त्याची,” त्या म्हणाल्या. “मी सरितेला नाय सोडलं, आबेदाला नाय सोडलं. मला का सोडू? कर सही, विश्वजीत. हितं, शेवटच्या रकान्यात.”

विश्वजीतनं सही केली. ओगराळं त्याच्या हातात आलं तेव्हा ते किती लांब आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं असावं. कुठं धरावं ते त्याला सुचेना. त्यानं ते घाईनं टेम्पोत ठेवलं.

अभय भिंतीवरची पाटी काढायला पुढं झाला. मालनबाईंनी त्याचा हात वरच्या वर धरला.

“वस्तू त्यांची. पाटी माझ्या अक्षरातली हाय. तिच्यावर कुणाची संमती घेतलीत?”

अभयनं हात मागं घेतला. टेम्पो गेला. धूळ बसली. मग कडुबा म्हणाले, “अगं, ह्या खिळ्यावर आता काय लावणार?”

“कायबी नाय. तसाच ऱ्हाऊ द्या. आन् तो माठ उचला, तिथं नेऊन ठेवा. तिवईसकट.”

“माझे गुडघे...”

“तुमचे गुडघे मला ठाऊक हायेत. उचला.”

आबेदांची डेग दुसऱ्या आठवड्यात चढली. दावतीच्या दिवशी मालनबाई वाढायला उभ्या होत्या. आबेदांनी त्यांना सगळ्यांदेखत “आयी बडी राखणदार” म्हणून दोन शिव्या दिल्या आणि मग पहिली प्लेट त्यांच्याच हातात दिली. डेग तिसऱ्या दिवशी परत आली, घासून लखलखीत. समितीनं संग्रह बंद करण्याचा विषय फाईलमध्ये ठेवला. नव्याण्णव वस्तू इथं असताना तो काढायला कुणाला जोर आला नाही.

मार्चमध्ये एकदा अभय एकटाच आला. दालनाचं उद्घाटन झालं होतं. तो रिकाम्या खिळ्यासमोर उभा राहिला. खिळ्याखाली पुठ्ठ्याची पाटी, पाटीखाली तिवईवर माठ, माठावर स्टीलचा पेला उपडा. शाळेची चार मुलं खेळून आली, त्यांनी पेला बुडवून पाणी घेतलं, प्यायली, तोंड पुसत निघून गेली.

“मावशी, तिथं आम्ही लिहिलंय, ‘लांब दांड्याचं ओगराळं, लोखंडी.’ लोक विचारतात, दांडा एवढा लांब का.”

“मग तुम्ही काय सांगता?”

अभयनं पुठ्ठ्याच्या पाटीकडं पाहिलं.

“त्यांना म्हणावं, दौलताबादच्या बसमधे बसा, पडेगावला उतरा, गिरणीमागं या. पाटी हितं हाय.” मालनबाईंनी नोंदवही मिटली. “आन् तहान लागली आसंल तर घ्या पाणी. मी उठत नाय. तुमच्या हातानं घ्या.”

अभयनं पेला उचलला आणि माठात बुडवला.